हबचं सील पुन्हा पुन्हा गळतंय, नवी डिस्क पुन्हा थरथरतेय: जुन्या फोर बाय फोरची पुढची चाकं कशी तपासायची

जुनी फोर बाय फोर गोव्यात वापरात असली की पुढच्या चाकांच्या दोन तक्रारी हमखास जोडीने येतात. हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाचं, ऑईल सील बदललं तरी काही महिन्यांत चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसतो. डिस्क नवी घातली तरी चोर्ल्याचा किंवा अनमोडचा घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. मग दोष मालाला दिला जातो: सील डुप्लिकेट होतं, डिस्क हलकी होती. कधीकधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा सील बिचारं मार खातं आणि मारणारा शेजारी बसलेला असतो. तुंबलेला ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी टोपी), बेअरिंगचा खेळ (ढिलेपणा), स्पिंडलवर (हब ज्या दांड्यावर फिरतो त्यावर) पडलेला चर, हबच्या तोंडावरचा गंज यांतलं एक जरी तसंच राहिलं, तर कितीही भारी सील आणि डिस्क घाला, काम पुन्हा करावं लागेल.

खालचं सगळं जिप्सीसारख्या गाड्यांना, म्हणजे पुढे सबंध अ‍ॅक्सल आणि डिस्क ब्रेक असलेल्यांना लागू आहे. जुन्या बोलेरोच्या पुढच्या हबलाही यातलं बरंच चालतं. चारही चाकांना ड्रम असलेल्या जुन्या जीपवाल्यांनी डिस्कचा भाग सोडून द्यावा. सील, बेअरिंग आणि ब्रीदरचा भाग त्यांनाही तसाच उपयोगी आहे. जे आकडे दिलेत ते साधारण मर्यादा आहेत. तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

लक्षणं

चाकाच्या आतल्या बाजूला टायरवर काळा ओला पट्टा, त्यावर तांबडी धूळ थापून बसलेली. हे सर्वांत ओळखीचं.

ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. तेलाने भिजलेला पॅड पकडत नाही, त्यामुळे गाडी कोरड्या, चांगल्या चाकाकडे ओढली जाते. म्हणजे डावीकडे ओढत असेल तर आधी उजवं चाक बघा.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर संशय डिस्कवर. ब्रेक न दाबताही येत असेल तर डिस्कवर खर्च करू नका. चाकांचं बॅलन्सिंग, टाय रॉड आणि किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ) आधी बघा.

पहिल्यांदा दाबलं की पेडल खोल जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की जागेवर येतं. बरेच जण याला मास्टर सिलिंडरचा (पेडलने चालणाऱ्या ब्रेकच्या मुख्य पंपाचा) दोष समजून तो बदलतात. पण बेअरिंगला खेळ असेल तर वळणावर डिस्क तिरकी होते आणि पॅडना मागे ढकलते. पुढच्या वेळी ब्रेक दाबताना आधी ती फट भरून निघावी लागते. सरळ रस्त्यावर पेडल बरं आणि वळणांनंतर खोल, असं असेल तर चाक उचलून बघा.

वळणावर वाढणारी गुरगुर बेअरिंगची. उजवीकडे वळताना वाढली तर बहुधा डावं बेअरिंग, कारण भार त्या बाजूला जातो.

पहिली तपासणी: गळतंय ते नक्की काय?

याला पैसे लागत नाहीत. पांढऱ्या कागदावर थेंब घ्या आणि ग्लासभर पाण्यात एक थेंब सोडा. ब्रेक ऑईल पाण्यात मिसळून जातं; गिअर ऑईल आणि ग्रीसचं तेल वर तरंगतं. गिअर ऑईल जाडसर असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, तो एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. ग्रीस वितळून आलं असेल तर बोटांत चोळल्यावर कण किंवा साबणासारखा चिकटपणा लागतो.

या फरकावर पुढचं सगळं ठरतं. ब्रेक ऑईल असेल तर सीलशी संबंध नाही. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) किंवा ब्रेकचा होज गळतोय, गाडी तिथेच उभी करा. नुसतं ग्रीस असेल तर हब जास्त तापतोय किंवा त्यात ग्रीस ठासून भरलंय. गिअर ऑईल असेल तर ते डिफपासून (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्यापासून) अ‍ॅक्सलच्या नळीतून, आतलं अ‍ॅक्सल सील ओलांडून, नकलमधून (चाक वळतं त्या सांध्यातून) इथवर आलंय. अशा वेळी नुसतं बाहेरचं हब सील बदलणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली बदलणं.

दुसरी: ब्रीदर

सील दुसऱ्यांदा गेलं असेल तर हबला हात लावण्याआधी ब्रीदर बघा. अ‍ॅक्सलच्या वरच्या बाजूला लहानशी टोपी किंवा रबरी नळी असते. डिफ तापलं की आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर जाते. तांबड्या चिखलाने तो बुजला की तोच दाब सीलच्या ओठावर येतो आणि तेल बाहेर पडतं. उलटही होतं. घाट उतरून तापलेला अ‍ॅक्सल थेट पाण्यात घातला की आतली हवा एकदम आकसते, ब्रीदर बंद असल्याने ती सीलच्या फटीतून पाणी ओढते. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या वाटेवर गाड्या पाण्यातून काढाव्या लागतात, तिथे हे हमखास घडतं.

ब्रीदर काढा, डिझेलमध्ये धुवा, तोंडाने फुंकून बघा. झडपेचा असेल तर हवा बाहेर सहज जायला हवी. गंजून घट्ट झाला असेल तर नवा घाला. शक्य असेल तर तेलाला टिकणारी नळी लावून तिचं टोक बॉनेटखाली उंचावर न्या आणि तोंड खाली वळवा. एवढ्या स्वस्त कामाने इतकी सीलं वाचतात की हे न करता हब उघडणं मला पटत नाही.

तिसरी: डिफचं तेल

गाडी सपाट जागी रात्रभर उभी राहू द्या. आधी भरायचा बोल्ट सैल करून बघा. तो सुटत नसेल तर ड्रेन उघडू नका, नाहीतर तेल काढून बसाल आणि भरता येणार नाही. पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवी. त्याहून जास्त असेल तर तेल नळ्यांतून चाकाकडे जातं. मग ड्रेन बोल्ट जरासाच सैल करा: पाणी जड असल्याने तळाशी बसतं आणि पहिलं तेच येतं. तेल दुधट कॉफीच्या रंगाचं असेल तर ते सगळं बदला. दुधट तेल अंगावर घेऊन नवं सील आणि बेअरिंग टिकत नाही.

बंद गोळ्याच्या नकलवर तपासणीचा बोल्ट असेल तर तोही उघडा. आत ग्रीसऐवजी पातळ काळा रस्सा असेल तर आतलं अ‍ॅक्सल सील गेलंय. ते काम याच फेरीत करा.

चौथी: कोण तापतंय?

आठ-दहा किलोमीटर चालवा, शेवटचा टप्पा ब्रेक फार न लावता, आणि दोन्ही हबचं तापमान लेसरवाल्या थर्मामीटरने मोजा. तो नसेल तर पाण्याचे दोन थेंब टाका. चुरचुरून उडाले तर हब फार तापलाय. हात लावून बघू नका. दोन्ही बाजू सारख्या कोमट हव्यात. एकच तापत असेल तर तीन कारणं, सोप्यापासून:

कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकल्यात. किनारपट्टीला, खाऱ्या वाऱ्यात हे फार होतं. पिना काढून साफ करा, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा, फाटलेले बूट बदला. साधं ग्रीस रबर फुगवतं.

ब्रेकचा रबरी होज आतून सुजलाय. चाक अडकलेलं असताना ब्लीड स्क्रू (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) उघडा. चाक लगेच मोकळं झालं तर दाब अडकून राहतोय, म्हणजे होज किंवा मास्टर सिलिंडर.

पिस्टन गंजलाय. ब्लीड स्क्रू उघडूनही चाक अडकलेलंच राहिलं आणि पिनाही मोकळ्या असतील, तर हेच.

सीलचं साधं काळं रबर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास सतत राहिलं की कडक होऊन चिरतं. ब्रेक अडकलेल्या चाकाला जास्त तापमान सोसणारं व्हिटॉनचं सील घालून वेळ मारून नेता येते, पण रोग तसाच राहतो आणि बेअरिंगचं ग्रीस वितळतच राहतं.

पाचवी: खेळ

इथून पुढे चाक उचलायचं आहे, म्हणून आधी सुरक्षितता. पावसाळ्यात आपली तांबडी माती वरून घट्ट दिसते आणि जॅकखाली रुतते. जॅकखाली जाड फळी घाला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा, आणि गाडी जॅक स्टँडवरच टेका. चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) कधीही वापरू नका. अंगणात चिरे पडलेले असतात, हाताला सहज लागतात, पण जॅकचा भार एका बिंदूवर आला की चिरा न सांगता फुटतो.

चाक वरून-खालून धरून हलवा. खेळ लागला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर तो बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंटचा, आणि तो बेअरिंग आवळून कधीच जाणार नाही. खेळ असलेल्या बेअरिंगवर सीलचा ओठ गोल न फिरता डोलतो आणि एका बाजूने उघडा पडतो. नवं सील महिन्यात गळण्याचं हे दुसरं मोठं कारण.

सहावी: डिस्क मोजणं

चाक काढल्यावर डिस्क चाकाच्याच नटांनी सपाट वॉशर घालून आवळा, डायल गेज कडेपासून सुमारे १० मिमी आत लावा आणि एक फेरा फिरवा. डोल, म्हणजे फिरताना डिस्कचं आत-बाहेर हलणं, साधारण ०.१० मिमीच्या आत हवा. बेअरिंगला खेळ असताना हा आकडा खोटा येतो, म्हणून पाचवी तपासणी आधी.

मायक्रोमीटरने जाडी आठ ठिकाणी घ्या. किमान जाडी डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर लावू नका, बदलाच. आठ ठिकाणांच्या जाडीत ०.०२ मिमीच्या आसपासचा फरकही पेडलला जाणवतो.

नवी डिस्क पहिल्या दिवशी गुळगुळीत आणि काही महिन्यांनी थरथरती, असं का होतं? लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. हबच्या तोंडावर गंजाची खपली राहिली की डिस्क केसभर तिरकी बसते. ब्रेक न दाबता गाडी चालत असतानाही तिची एक बाजू दर फेऱ्याला पॅडला घासते आणि तिथेच पातळ होते. काही हजार किलोमीटरनंतर तो पातळ भाग ब्रेकमध्ये जाणवायला लागतो. तोवर डिस्क बसवणारा आणि बसवताना राहिलेला गंज, दोन्ही विसरलेले असतात.

प्रत्यक्ष काम

दोन्ही चाकांचं एकदमच करा. एकीकडे नवी आणि एकीकडे झिजलेली डिस्क असेल तर गाडी ओढणार. लागणारं सामान: डिस्क २, पॅडचा एक सेट, हब सील २, आतलं आणि बाहेरचं बेअरिंग प्रत्येकी २, लॉक वॉशर २, सर्क्लिप आणि हबच्या झाकणाचं गॅस्केट प्रत्येकी २, बेअरिंग ग्रीस अर्धा किलो, ब्रेक क्लीनरचे २ कॅन. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी कोरलेली असते. जुनं सील म्हापसा, फोंडा, मडगावच्या दुकानात सोबत न्या, पण आकडे स्पिंडलवर व्हर्नियर लावून पडताळा. आधीच्याने चुकीचं बसवलेलं असू शकतं.

कॅलिपर काढल्यावर तारेने स्प्रिंगला टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. जुन्या पॅडची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. फ्री व्हील हब (चाक शाफ्टशी जोडणारा-सोडणारा भाग) उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. काही मॉडेलमध्ये डिस्क हबवरून पुढे निघते, काहींत मागून बोल्टने आवळलेली असते आणि हब काढावाच लागतो. अडकलेल्या डिस्कला ८ मिमीच्या बोल्टची दोन भोकं असतील तर त्यात बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा. भोकं नसतील तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा आणि मधल्या भागावर फिरत्या जागी ठोका. हब गाडीवर असताना घण मारू नका, तो मार बेअरिंगच्या रेसवर (रोलर ज्यावर फिरतात त्या कडीवर) जातो.

हबचं तोंड वायर ब्रशने, मग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. स्टडच्या मुळाशी गंजाची कडी उरते, ती टोकदार पात्याने खरवडा. या एका पायरीला अर्धा तास द्या. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी धुवा.

बेअरिंगची बाहेरची रेस पितळी ड्रिफ्टने समोरासमोर ठोकत बाहेर काढा. नवी बसवताना ठोक्याचा आवाज बद्द ते खणखणीत असा बदलला की ती तळाला टेकली. रोलर आणि रेस एकाच डब्यातले हवेत. जुन्या रेसवर नवा रोलर चालवू नका. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या रुंद बाजूने दाबत राहा, दुसरीकडून बाहेर येईपर्यंत. हबच्या पोकळीत मात्र एक तृतीयांश ते निम्मं पुरे. ठासून भरलं की ते घुसळलं जाऊन तापतं, फुगतं आणि सील ढकलून बाहेर येतं. जुनं ग्रीस पूर्ण धुवून काढा, वेगळ्या जातीची ग्रीसं एकत्र झाली की पातळ होऊ शकतात.

आता सील. स्पिंडलवर सील जिथे घासतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर चर आहे, आणि त्या चरावर कोणतंही सील थांबणार नाही. पातळ रिपेअर स्लीव्ह मिळाली तर ती चढवा. नाहीतर, हबमध्ये जागा असेल तर सील मिलिमीटरभर कमी खोल बसवा म्हणजे ओठ कोऱ्या जागी येतो. स्प्रिंगवाली बाजू ग्रीसकडे, आत. ओठावर ग्रीस लावा आणि स्प्रिंगच्या खोबणीतही भरा, ठोकताना स्प्रिंग उडत नाही. सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा पाइपचा तुकडा किंवा जुनी रेस ठेवून सरळ ठोका. हातोडीने कडेकडेने ठोकलेलं सील तिरकं बसतं, आणि तिरकं बसलेलं पुन्हा वापरू नका.

टेपर बेअरिंग असेल तर नट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळताना हब सतत फिरवत राहा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट सोडा आणि पुन्हा हलका आवळा. ज्या गाडीत खेळ ठेवायचा असतो तिथे तो साधारण ०.०३ ते ०.१० मिमी, ज्यात प्रीलोड (खेळ न ठेवता दिलेला थोडा दाब) सांगितलाय तिथे स्टडला स्प्रिंग काटा अडकवून ओढ मोजा. बॉल बेअरिंगवाल्या हबला हा खेळ लावायचा नसतो, नट दिलेल्या टॉर्कलाच आवळायचा. लॉक वॉशर नवाच, आणि त्याचा कान नीट दुमडा.

डिस्क बसवून डोल पुन्हा मोजा. जास्त आला तर डिस्क एकेक भोक फिरवून बसवा आणि सर्वांत कमी येईल तिथे खूण करा. कुठेही बसवली तरी जास्तच येत असेल तर डिस्क काढून हबच्या तोंडाचाच डोल घ्या, ०.०५ मिमीच्या वर असेल तर दोष हबचा.

तेल लागलेले पॅड घासून किंवा भाजून वापरू नका. नवे घाला. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिल्या दाबाला ब्रेक नसतो. मग मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, आणि नंतर काही किलोमीटर ब्रेक कमी वापरून थंड करा. तापल्या पॅडवर पाय दाबून उभं राहिलं तर पॅडचा थर डिस्कवर उमटतो आणि थरथर पहिल्याच दिवशी सुरू होते.

इथे थांबा आणि मेकॅनिककडे न्या

स्पिंडल निळसर पडलेलं, आटे फाटलेले किंवा कुठेही तडा. बेअरिंगची रेस हबमध्ये सैल फिरतेय. ती पंच मारून किंवा चिकटवून घट्ट करायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, हब बदलावा लागतो. कॅलिपर किंवा मास्टर सिलिंडर उघडायची वेळ आली. ब्लीडिंग करूनही पेडल स्पंजसारखं राहिलं. किंगपिनचा खेळ निघाला, कारण त्याला शिम (पातळ पत्र्या) आणि मोजणी लागते. आतलं अ‍ॅक्सल सील बदलायचं आहे आणि शाफ्ट काढायची सवय नाही. आणि टॉर्क पाना हाताशी नसेल तर हब नट आणि कॅलिपरचे बोल्ट अंदाजाने आवळून घाटात जाऊ नका. उघडलेलं काम टोइंग करून नेलं तरी चालेल.

नंतर

५० ते १०० किलोमीटरवर चाकाचे नट पुन्हा टॉर्कला लावा आणि दोन्ही हबचं तापमान ताडून बघा. ५०० किलोमीटरवर चाक उचलून खेळ बघा. नव्या रेस बसल्यावर थोडा वाढू शकतो.

पाण्यात उतरण्याआधी गाडी १५-२० मिनिटं उभी करून हब थंड होऊ द्या, आणि पलीकडे गेल्यावर हलका ब्रेक लावत डिस्क कोरड्या करा. डॉट ३ ब्रेक ऑईल नवं असताना २०५ अंशांच्या पुढे उकळतं, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. आपल्या दमट हवेत ते दर दोन वर्षांनी बदलायलाच हवं.

जून ते सप्टेंबर गाडी उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा थोडी पुढे-मागे करा. एकाच जागी पॅड चिकटून राहिला की त्याच्या आकाराचा गंजाचा ठसा डिस्कवर उमटतो, आणि ऑक्टोबरमध्ये तो थरथर म्हणून भेटतो. ठसा हलका असेल तर काही किलोमीटर मध्यम ब्रेक लावून निघतो. नखाला खड्डा लागत असेल तर डिस्क लेथवर न्या, किमान जाडी आधी मोजून.